पाच लिटरची हायड्रेशन व्हेस्ट : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गेला उन्हाळा आणि त्यानंतरचा संपूर्ण पावसाळा मी लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी पाच लिटर क्षमतेची एक हायड्रेशन व्हेस्ट, म्हणजे पाणी आणि सामान ठेवण्याचे खिसे असलेली, अंगाला चिकटून बसणारी बंडी वापरली. पाच लिटर हे सगळ्या खिशांचे मिळून माप आहे, पाण्याचे नव्हे. पुण्यातील वेताळ टेकडी आणि तळजाईच्या पायवाटा, सिंहगडाचा डांबरी घाट, कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग, आणि मुंबईला मुक्काम असताना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, अशा सर्व ठिकाणी ती अंगावर होती. या लेखात कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. एकच व्हेस्ट दोन वेगळ्या बांध्यांच्या माणसांवर पूर्णपणे वेगळी बसते, आणि माझ्या खांद्यांना जी मानवली ती वाचणाऱ्यांना मानवेलच असे नाही. नाव वाचून मागवण्यापेक्षा विकत घेताना काय तपासायचे हे ठाऊक असेल तर पैसे योग्य ठिकाणी जातात, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून माझ्या व्हेस्टच्या निमित्ताने त्या तपासणीबद्दलच अधिक लिहिणार आहे.

आधी गरजेचा प्रश्न. टाटा मुंबई मॅरेथॉनसारख्या शहरी शर्यतीत ठरावीक अंतरावर पाण्याची टेबले असतात, स्वयंसेवक पाणी हातात देतात. तिथे दीड किलोचे ओझे अंगावर बाळगण्यात काही अर्थ नाही. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स ही डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधील जवळपास ९० किलोमीटरची शर्यत. महाराष्ट्रातून तिच्यासाठी दरवर्षी बरेच धावपटू जातात. तीसुद्धा व्हेस्टशिवाय धावता येते, कारण पाण्याच्या छोट्या सीलबंद पिशव्या वाटेत वारंवार मिळत राहतात. व्हेस्टचे खरे काम आहे ते अशा शर्यतींच्या तयारीत, म्हणजे रविवारी पहाटे टपऱ्या उघडण्यापूर्वी सुरू होणाऱ्या तीन-चार तासांच्या लाँग रनमध्ये, आणि त्याहून अधिक डोंगरवाटांवर. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाकडे निघालेल्या माणसाला टेकड्यांच्या धारेवर कुठेही पाणी मिळत नाही. चढ-उतार संपून सिंहगडाच्या रस्त्याला लागेपर्यंत जे अंगावर आहे त्यावरच भागवावे लागते. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणाऱ्या अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांब शर्यतीसारख्या मार्गावर तर राजगडाच्या संजीवनी माचीकडून तोरण्याकडे जाणारी धार भर उन्हात पार करताना जवळ पाणी असणे ही सुरक्षिततेची बाब असते. ज्यांचे धावणे एका तासाच्या आत संपते, किंवा जे सारसबागेभोवती फेऱ्या मारून पुन्हा पुन्हा गाडीपाशी येतात, त्यांनी हा खर्च करण्याची घाई करू नये.

हातात धरायची बाटली, कमरेचा पट्टा आणि पाठीवरची पिशवी हे तिन्ही पर्याय मी व्हेस्टच्या आधी वापरले आहेत. हातातील बाटली तासाभरापुरती चांगली, पण खडकाळ उतारावर दोन्ही हात मोकळे असावे लागतात. कमरेचा पट्टा पोटावर घट्ट बांधल्याशिवाय जागेवर राहत नाही, आणि घट्ट बांधला की श्वास आणि पचन दोन्ही अडते. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. १९८८ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये विचिटा फॉल्स येथे भर उन्हाळ्यात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, ती लांब मोज्यात घालून सदऱ्याच्या पाठीवर अडकवली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातूनच पुढे कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. सायकलस्वाराची पाठ जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे त्याच्यासाठी ही रचना उत्तम ठरली. धावणाऱ्याची पाठ प्रत्येक पावलाला वर-खाली होते, आणि पाठीमागे सैल लटकलेले दोन किलो पाणी त्या प्रत्येक पावलाला मागे खेचते. व्हेस्टने हे ओझे दोन भागांत वाटले. अर्धे छातीवर आले, अर्धे खांद्यांच्या पात्यांमध्ये वर सरकले, आणि सगळेच शरीराला चिकटून बसले. वजन तेवढेच राहिले तरी त्याचा हेलकावा गेला, आणि व्हेस्टचे मोल या एका गोष्टीत आहे.

माझी व्हेस्ट अशी आहे. पुढे दोन्ही बाजूंना उभे ताणाचे खिसे आहेत आणि प्रत्येकात ५०० मिलिलिटरचा मऊ फ्लास्क, म्हणजे हाताने दाबली जाणारी लवचीक बाटली बसते. त्यांच्या खाली छोटे उघडे खिसे, डाव्या फासळीशी एक झिपचा खिसा, पाठीवर दोन कप्पे आणि त्यांपैकी आतल्या कप्प्यात दीड लिटरची पाण्याची पिशवी ठेवण्याची सोय. छातीवर दोन आडवे पट्टे आहेत. ते वर-खाली सरकवता येतात आणि धावता धावता एका हाताने सैल करता येतात. आतील बाजू बारीक छिद्रांच्या जाळीची आहे. डाव्या खांद्याला एक शिट्टी अडकवलेली आहे. रिकाम्या व्हेस्टचे वजन हातात जाणवणारही नाही इतके कमी आहे. भरलेल्या व्हेस्टचे वजन म्हणजे मुख्यतः पाण्याचेच वजन, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे गणित कोणतीही महागडी वस्तू बदलू शकत नाही.

निवडीतील सर्वात मोठा मुद्दा मापाचा आहे, आणि दुर्दैवाने दुकानात सर्वांत कमी वेळ त्याच्यावरच घालवला जातो. बहुतेक ग्राहक लिटर विचारतात : पाच घेऊ, आठ घेऊ की बारा? लिटर हा फक्त खिशांचा आकार आहे. व्हेस्ट बसते ती छातीच्या घेरावर. म्हणून धावताना जो टी-शर्ट घातला जातो त्याच्यावरून छातीच्या सर्वात रुंद भागाचा घेर मोजपट्टीने घ्यावा आणि त्या कंपनीच्या तक्त्यात पाहावा. टी-शर्टचे माप मध्यम असले म्हणून व्हेस्टही मध्यमच लागेल असे गृहीत धरू नये, कारण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. घेर दोन मापांच्या सीमेवर येत असेल तर माझा कल लहान मापाकडे आहे. मोठ्या मापाचे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी कडा काखेत दुमडून येतात आणि पाठीचा कप्पा लोंबतो. लहान माप मात्र पूर्ण श्वास घेताना दाबत असेल तर ते नाकारावेच.

माप तपासण्याचा दुसरा भाग दुकानात करून पाहण्याचा आहे आणि तो रिकाम्या व्हेस्टवर कधीही करू नये. रिकामी व्हेस्ट सर्वांनाच छान बसते. दुकानात पाणी मागावे, दोन्ही फ्लास्क काठोकाठ भरावेत, पाठीच्या कप्प्यात एखादे जाकीट किंवा तेवढ्या वजनाची वस्तू ठेवावी, आणि मग व्हेस्ट घालून तिथल्या तिथे उड्या माराव्यात. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात थोडे धावून पाहण्याइतकी जागा असते. लहान दुकानात जिना दोनदा चढून उतरला तरी पुरेसे कळते. उडी मारल्यावर फ्लास्क हनुवटीकडे उसळतात का, खालचा काठ कमरेच्या हाडापर्यंत येऊन घासतो का, आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवली की शिवण गळ्याला लागते का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मग छाती फुगवून तीन-चार खोल श्वास घ्यावेत. चढावर दम लागतो तेव्हा छाती किती फुगते याचा अंदाज उभ्या-उभ्या येत नाही, म्हणून पट्टे लावल्यावर दोन बोटे त्यांच्याखाली सहज जातील एवढी जागा ठेवावी. शेवटी घड्याळ लावून उभे राहावे आणि मागच्या खिशात हात घालून एक पाकीट बाहेर काढून दाखवावे, तेही व्हेस्ट न उतरवता. जे खिसे व्हेस्ट काढल्याशिवाय हाताला येत नाहीत ते शर्यतीत जवळजवळ निरुपयोगी असतात. विक्रेता थोडा कंटाळतो हे खरे, पण एकदा कारण सांगितले की बहुतेक जण स्वतःहून पाणी भरून आणतात, असा माझा अनुभव आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी नाजूक आहे, आणि त्याबद्दल मराठीत फारसे मोकळेपणाने लिहिले जात नाही म्हणून मी सविस्तर लिहिते. पुरुषांच्या मापाने कापलेल्या व्हेस्टमध्ये दोन भरलेले फ्लास्क नेमके स्तनांवर येतात. एक तर ते बाहेरच्या बाजूला कलंडून दंडाला लागत राहतात, नाहीतर वरचा पट्टा इतका आवळावा लागतो की तासाभरात वेदना सुरू होते. स्त्रियांसाठी वेगळ्या कापलेल्या व्हेस्टमध्ये फ्लास्कचे खिसे वर किंवा थोडे बाहेर असतात आणि पट्टे छातीच्या वर व खाली बांधता येतात. माझी व्हेस्ट याच प्रकारची आहे, आणि तिच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वात मोठी गोष्ट हीच आहे. तरीही भरलेले ५०० मिलिलिटरचे फ्लास्क लहान बांध्याच्या स्त्रीला अवजड होऊ शकतात. अशा वेळी त्याच खिशात २५० मिलिलिटरचे फ्लास्क ठेवून उरलेले पाणी पाठीवर घ्यावे. व्हेस्ट घालून पाहायला जाताना रोजच्या धावण्यातील स्पोर्ट्स ब्रा घालूनच जावे, कारण तिच्या पाठीवरील पट्ट्यांची शिवण आणि व्हेस्टची शिवण एकावर एक आली की वीस किलोमीटरनंतर तिथली कातडी सोलवटते.

पुढचे फ्लास्क चांगले की पाठीवरची पिशवी, हा वाद धावपटूंमध्ये नेहमीचा आहे. मी फ्लास्कच्या बाजूने आहे. समोर असल्यामुळे किती पाणी उरले हे डोळ्यांना दिसते, आणि पाणी संपत जाईल तसा फ्लास्क आक्रसतो, त्यामुळे हिंदकळण्याचा आवाज येत नाही. पाठीवरच्या पिशवीतील पाणी किती उरले हे कळत नाही; नळी कोरडी पडते तेव्हाच उत्तर मिळते आणि तोवर उशीर झालेला असतो. ती पुन्हा भरायची तर सगळा कप्पा रिकामा करावा लागतो. मात्र वाटेत कुठेच पाणी मिळणार नसेल तर दोन फ्लास्कमधील एक लिटर पुरत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत कात्रज-सिंहगड रांगेवर जाताना मी पाठीची पिशवी भरतेच. पिशवी भरल्यावर ती उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून काढावी. हवा राहिली तर पाणी प्रत्येक पावलाला डचमळते, आणि तो आवाज दोन तास कानाशी ऐकणे खरोखर त्रासदायक असते. फ्लास्कचेही तसेच : झाकण लावण्यापूर्वी बाटली हळूच दाबून हवा बाहेर काढावी.

मऊ फ्लास्कची एक अडचण कोणत्याही जाहिरातीत सांगितलेली नसते. रिकामा झालेला फ्लास्क खिशातून सहज निघतो, पण भरल्यावर तो ओला आणि फुगलेला असल्यामुळे ताणाच्या खिशात पुन्हा जात नाही. घामेजलेल्या हातांनी तो कोंबण्यात पाच मिनिटे सहज जातात. उपाय दोन आहेत. फ्लास्क तीन चतुर्थांश भरून खिशात बसवावा आणि उरलेले पाणी खिशात असतानाच वरून ओतावे. किंवा खालच्या टोकाला किंचित कडक पट्टी असलेले फ्लास्क घ्यावेत, जे सरळ आत सरकतात. सिंहगडावर देवटाक्याच्या पाण्याने किंवा गडावरच्या विक्रेत्यांकडून फ्लास्क भरताना पहिली युक्ती मला नेहमी कामी येते. तोंडाचा व्यासही पाहून घ्यावा. बाजारात २८ आणि ४२ मिलिमीटर अशा दोन मापांची तोंडे अधिक आढळतात. ४२ मिलिमीटरच्या तोंडातून पावडर सांडत नाही, बर्फाचे लहान तुकडे आत जातात आणि ब्रश घालून आतून घासता येते. शिवाय कॅटाडिनच्या बी-फ्रीसारख्या छोट्या गाळण्या याच व्यासाच्या तोंडावर बसतात. त्या गाळण्यांमुळे जिवाणू आणि गढूळपणा अडतो. विषाणू आणि शेतातील फवारणीची रसायने अडत नाहीत. सह्याद्रीतील पावसाळी ओढे कितीही स्वच्छ दिसले तरी वरच्या पठारावर गुरे चरत असतात, हे लक्षात ठेवूनच त्यांचे पाणी प्यावे.

किती पाणी घ्यायचे याचे उत्तर व्हेस्टच्या डब्यावर मिळत नाही, ते घरच्या वजनकाट्यावर मिळते. धावायला निघण्यापूर्वी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करावे, नेहमीच्या वेगाने एक तास धावावे, परतल्यावर घाम पुसून पुन्हा वजन करावे. उदाहरणार्थ, वजन ५८ किलोवरून ५७.२ झाले आणि वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायले असेल, तर त्या तासात साधारण १.१ लिटर घाम गेला. हीच चाचणी मार्चमध्ये पुण्यात आणि जूनच्या सुरुवातीला मुंबईत केली तर आकडे इतके वेगळे येतात की एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम काढत राहते. गेलेला सगळा घाम थेंबाथेंबाने भरून काढण्याची मात्र गरज नाही. तहान लागेल तसे, थोडे थोडे आणि नियमित प्यावे.

याबाबत आपल्याकडे एक गैरसमज अजून टिकून आहे की जितके जास्त पाणी तितके चांगले. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियमची पातळी धोक्याच्या रेषेखाली होती. शर्यतीदरम्यान वजन वाढण्याइतके पाणी पिणे, चार तासांहून अधिक वेळ धावणे आणि शरीराचा बांधा अगदी कृश किंवा अगदी स्थूल असणे यांच्याशी त्याचा संबंध आढळला. अंगावर सतत नळी असल्यामुळे व्हेस्ट वापरणारा माणूस चाळा म्हणूनही घोट घेत राहतो, आणि सावकाश धावणाऱ्या नवशिक्यांना हा धोका अधिक आहे. मळमळ, डोकेदुखी, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे आणि गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली तर आणखी पाणी पाजू नये. थांबवावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

माझ्या डाव्या फ्लास्कमध्ये साधे पाणी असते आणि उजव्या फ्लास्कमध्ये ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धे पाकीट अंदाजाने ओतून अर्धा लिटर बनवू नये, कारण पाकिटातील मीठ आणि साखर सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. घरी पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे आणि त्यातून फ्लास्क भरावा. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या फळांच्या चवीच्या गोड खोक्यांना अनेक धावपटू वर्षानुवर्षे ओआरएस समजत आले. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि सोडियम कितीतरी कमी असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावांत ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली, ही अतिशय चांगली गोष्ट झाली. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उजवा आणि डावा फ्लास्क आलटून-पालटून प्यावा, म्हणजे व्हेस्ट एका बाजूला ओढली जात नाही.

खिशांत काय ठेवायचे याची उत्तम शिस्त फ्रान्समधील शामोनी येथून सुरू होणाऱ्या यूटीएमबी या डोंगरी शर्यतीच्या नियमावलीत पाहायला मिळते. किमान एक लिटर पाणी, स्वतःचा पेला, दोन दिवे, शिट्टी, टोपीचे जलरोधक जाकीट आणि अंगाची ऊब टिकवणारी किमान १.४० बाय २ मीटरची बचावाची चादर अशा गोष्टी तिथे सक्तीच्या आहेत. आपल्या टेकडीवर जाताना एवढे सगळे लागत नाही, पण पावसाळ्यात धुके उतरले की कात्रज-सिंहगडाच्या वाटेवर दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि अशा वेळी शिट्टी, छोटा दिवा आणि पातळ जाकीट या तीन गोष्टी अंगावर असायलाच हव्यात. जड वस्तू पाठीच्या वरच्या भागात आणि मणक्याजवळ ठेवाव्यात. खाण्याचे समोर : माझ्या खिशात खजूर, शेंगदाण्याच्या चिक्कीचे लहान तुकडे आणि एखादे एनर्जी जेल असते. राजगिऱ्याचा लाडू मला फार आवडतो, पण तो खिशात चुरा होतो आणि धावताना घशाला कोरडा लागतो. फोन पाठीच्या कप्प्यात उघडा कधीही ठेवू नये. पावसापेक्षा पाठीचा घामच जाळीतून आत झिरपून त्याला भिजवतो, म्हणून झिपलॉकची पिशवी बाराही महिने वापरावी.

या व्हेस्टचे दोष आता सांगते. झिपचा खिसा आजच्या मोठ्या फोनसाठी लहान आहे. फोन आत जातो, पण त्याचा कोपरा फासळीला टोचतो आणि उतारावर ते स्पष्ट जाणवते. आडव्या पट्ट्यांची मोकळी टोके अडकवण्यासाठी काहीच सोय नाही, ती हनुवटीखाली फडफडतात. मी दोन छोटी रबरे घालून ती बांधली आहेत. डाव्या काखेजवळची कड सुरुवातीला घासत होती. तिथे व्हॅसलीन लावून आणि वरचा पट्टा एक घर खाली घेऊन त्रास थांबला, परंतु बिनबाह्यांचा टी-शर्ट घातला की तो पुन्हा सुरू होतो. सर्वांत गंभीर तक्रार एका फ्लास्कची आहे : पावसाळ्याच्या मध्यावर त्याच्या तळाच्या जोडातून थेंब थेंब गळू लागले. दुकानाने वॉरंटीत फक्त व्हेस्ट येते, फ्लास्क येत नाहीत, असे सांगितले. पावतीवर तसे कुठेही लिहिलेले नव्हते. विकत घेतानाच हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

उन्हाळ्यात ती किती गरम होते, हेही महत्त्वाचे आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत पाठीची जाळी चांगले काम करते आणि पहाटेच्या वेळी तिचे अस्तित्व विसरायला होते. मुंबईत तसे होत नाही. राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या रस्त्यावर पाठ पूर्ण भिजते, व्हेस्ट घामाने जड होते आणि छातीवरचे पाणी अर्ध्या तासात कोमट होते. रात्री एक फ्लास्क निम्मा भरून फ्रीझरमध्ये आडवा ठेवावा आणि निघताना वरून गार पाणी घालावे. तासभर तरी पाणी थंड राहते आणि छातीलाही गारवा मिळतो. फ्लास्क काठोकाठ भरून गोठवू नये, बर्फ फुगून जोड उसवतात.

धुण्याबद्दल थोडे कडक शब्दांत लिहावे लागेल, कारण टाकून दिलेल्या बहुतेक फ्लास्कचा शेवट बुरशीने होतो. गोड पाणी किंवा ओआरएस भरलेला फ्लास्क त्याच दिवशी धुतला पाहिजे. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवावे, ब्रशने आतून घासावे, चावून पाणी ओढण्याचे टोक वेगळे काढून धुवावे. काळे ठिपके सर्वांत आधी तिथेच दिसतात. उन्हाळ्यात वाळवणे सोपे आहे. पावसाळ्यात कपडेच चार दिवस वाळत नाहीत, तिथे आतून चिकटून बसणारा फ्लास्क कसा वाळणार? त्यात स्वच्छ कागदी रुमालाची गुंडाळी घालून तो उघडा ठेवावा, म्हणजे आतली बाजू चिकटत नाही. आणि वाळण्याची खात्री नसेल तर रिकामा करून सरळ फ्रीझरमध्ये ठेवावा, तिथे बुरशी वाढत नाही. व्हेस्ट यंत्रात धुऊ नये. बादलीत थोड्या साबणाच्या पाण्यात हाताने दाबून धुवावी आणि सावलीत टांगावी. घामाचे मीठ झिपमध्ये साचून ती अडकते, म्हणून झिपवरून जुन्या दातघासणीचा हात फिरवावा. हे सगळे नेमाने केल्यामुळे माझ्या व्हेस्टची जाळी आणि शिवण एका पावसाळ्यानंतरही जशीच्या तशी आहे, आणि कापडाच्या दर्जाबद्दल मला कंपनीचे कौतुकच वाटते.

किमतीचा पल्ला मोठा आहे. साध्या व्हेस्ट दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतात आणि सॉलोमनसारख्या नामांकित कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतील व्हेस्ट दहा हजारांच्या पुढे जातात. महागड्या व्हेस्टचे कापड अधिक मऊ असते, ती अंगाला अधिक सारखी बसते आणि खिसे अधिक विचारपूर्वक केलेले असतात, हे मान्य आहे. परंतु बरोबर मापाची साधी व्हेस्ट ही चुकीच्या मापाच्या महागड्या व्हेस्टपेक्षा नेहमीच चांगली. तीन ते पाच तासांच्या धावण्यासाठी पाच लिटर पुरेसे आहेत. रात्रभर चालणाऱ्या ८० किंवा १०० किलोमीटरच्या शर्यतीत गरम कपडे, जादा बॅटरी आणि अधिक खाणे बाळगावे लागते, आणि तिथे ही व्हेस्ट कमी पडेल. त्यासाठी दहा-बारा लिटरची घ्यावी, पण ती अर्धी रिकामी असताना पट्टे ओढून पाठीला घट्ट लावता येते का हे तपासून. जुळे फ्लास्क साधारण दोन पावसाळे टिकतात असे धरून चालावे, आणि ज्या व्हेस्टच्या मापाचे फ्लास्क भारतात सुटे मिळतात तीच व्हेस्ट घ्यावी. मी माझ्या गळक्या फ्लास्कच्या जागी दुसऱ्या कंपनीचा ४२ मिलिमीटर तोंडाचा फ्लास्क घेतला आहे. तो खिशात एक बोटभर उंच बसतो, पण गळत नाही.